लोण्यातील अम्ल आणि चार कार्बनांचे कूळ

कार्बनी रसायनशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत मेथिल आणि एथिल संयुगांचे विवेचन विस्ताराने झाल्यावर, कार्बनांची साखळी जसजशी लांबत जाते तसतसे गुणधर्म क्रमाक्रमाने पालटतात एवढे सांगून ग्रंथकार पुढील प्रकरणाकडे वळतो, आणि त्यामुळे ब्युटिल संयुगांच्या वाट्याला कोष्टकातील एखाद्या ओळीपलीकडे सहसा काही येत नाही. वस्तुतः या क्रमाक्रमाने होणाऱ्या पालटात चार कार्बनांचा टप्पा हा नीट थांबून पाहण्यासारखा आहे. कारण पाण्याशी असलेले सख्य संपून तेलाशी असलेले नाते जेथे सुरू होते, ते ठिकाण नेमके हेच होय. मद्यार्क, म्हणजे एथिल अल्कोहॉल, आणि त्याच्या पुढचे प्रोपिल अल्कोहॉल ही दोन्ही पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळतात. ब्युटिल अल्कोहॉल मात्र शंभर भाग पाण्यात जेमतेम आठ भाग विरघळते, आणि पाच कार्बनांचे अल्कोहॉल दोन-सव्वादोन भागांवरच थांबते. अम्लांच्या बाबतीत ही सीमा किंचित पुढे सरकते, इतकेच: चार कार्बनांचे ब्युटिरिक अम्ल पाण्यात पूर्णपणे मिसळते, तर सहा कार्बनांचे कॅप्रॉइक अम्ल शंभर भागांत एखादा भाग विरघळून बाकीचे तेलासारखे वर तरंगते. तुपाची शुद्धता ठरविणारी कसोटी असो, मोटारीवरचा चकचकीत लेप असो, की जहाजाच्या बुडाला लावण्याचा विषारी रंग असो, या कुळाचे उपयोग आणि उपद्रव बहुतांशी या सीमेवरील स्थानामुळेच संभवतात, असे आमचे मत आहे. आणि प्रस्तुत आढाव्यात तोच धागा धरून चालण्याचा विचार आहे.

या कुळाचा इतिहास सुरू होतो तो साबणापासून. १७७९ मध्ये स्वीडनच्या शेले याने ऑलिव्ह तेल मुर्दाडशिंगाबरोबर उकळून त्यातून एक गोड, दाट द्रव वेगळा काढला होता. परंतु त्या द्रवाचे, म्हणजे आजच्या ग्लिसरीनचे, तेलाच्या रचनेत स्थान काय याचा उलगडा त्या काळी झाला नाही. पुढे १८११ मध्ये एका कापडगिरणीतील मऊ साबणाचा नमुना पृथक्करणासाठी पॅरिसमधील मिशेल यूजेन शेव्ह्रल या पंचविशीतल्या रसायनज्ञाच्या हाती आला, आणि त्या नमुन्याच्या निमित्ताने सुरू झालेले काम त्याने दहा-बारा वर्षे नेटाने चालविले. साबणात अम्ल टाकताच जे घन पदार्थ वेगळे होतात ते स्वतःच अम्लधर्मी आहेत, हे त्याने प्रथम ओळखले. आणि चरबीपासून मिळणारी अम्ले व ग्लिसरीन यांचे एकत्रित वजन मूळ चरबीच्या वजनाहून थोडे अधिक भरते, अर्थात हे विच्छेदन होताना पाण्याचा अंश त्यात सामील होतो, हे त्याने तराजूने सिद्ध केले. तेल आणि तूप हे मूलद्रव्यासारखे अखंड पदार्थ आहेत ही समजूत येथे संपुष्टात आली. लोण्याच्या पृथक्करणात त्याला १८१४ मध्ये एक उग्र वासाचे, बाष्पाबरोबर निघून येणारे अम्ल आढळले. १८१८ पर्यंत ते त्याने बऱ्याच शुद्ध स्वरूपात मिळविले, आणि लोण्याच्या लॅटिन नावावरून त्याचे नाव ब्युटिरिक असे ठेविले. ब्युटिल, ब्युटेन, ब्युटेनॉल ही सगळी नावे त्यापुढची. १८२३ मध्ये प्राणिज मेदांवरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि दोनच वर्षांनी त्याने व गे-ल्युसॅकने स्टिअरिक अम्लाच्या मेणबत्त्यांचे एकस्व घेतले. या गृहस्थास १०२ वर्षांचे आयुष्य लाभले. १८८९ मध्ये तो निवर्तला तेव्हा त्याने पाया घातलेले शास्त्र त्याच्याच डोळ्यांदेखत प्रौढ झालेले होते.

चार कार्बनांचे महत्त्व केवळ लोण्यापुरते नव्हते. एक, दोन किंवा तीन कार्बनांची साखळी एकाच तऱ्हेने जुळविता येते. चौथा कार्बन आला की प्रथमच फाटा फुटण्याची शक्यता उत्पन्न होते. सरळ ब्युटेन शून्याच्या अर्धा अंश खाली उकळतो, तर त्याचा फाटा असलेला भाऊ आयसोब्युटेन उणे बारा अंशांच्या आसपास. घटक तेच, संख्याही तीच, परंतु मांडणी निराळी. रशियातील कझान विद्यापीठाच्या बुटलेरॉव्हने १८६१ मध्ये असे प्रतिपादन केले की प्रत्येक संयुगाला अणूंच्या जोडणीची एकच निश्चित संरचना असते आणि तिच्यावरून गुणधर्मांचे अनुमान करता येते. त्या काळी अनेक मान्यवर रसायनज्ञ रेणूच्या अंतरंगाविषयी बोलणेच गैर मानीत, हे ध्यानात घेतले म्हणजे या विधानाचे धाडस कळून येते. १८६४ मध्ये त्याने त्रितीयक ब्युटिल अल्कोहॉल प्रत्यक्ष बनवून दाखविले आणि पुढे आयसोब्युटेनही हाती आणला. ब्युटिल अल्कोहॉलाचे असे चार समघटक होतात, आणि त्यांच्या उकळबिंदूंची उतरंड पाहण्याजोगी आहे: सरळ साखळीचे सुमारे ११८ अंशांस, आयसोब्युटिल १०८ अंशांस, द्वितीयक साडेनव्व्याण्णव अंशांस, आणि त्रितीयक ८२ अंशांस उकळते. हे शेवटचे तर साडेपंचवीस अंशांखाली गोठते, त्यामुळे पुण्याच्या थंडीत ते बाटलीत स्फटिकरूपाने बसते आणि उन्हाळ्यात आपोआप वितळते. शिवाय बाकीच्या तिघांच्या विपरीत ते पाण्यात पूर्णपणे मिसळते, कारण गोळा झालेल्या साखळीचा पाण्याशी स्पर्श कमी येतो. संरचनेचा सिद्धान्त शिकविण्यास याहून सुटसुटीत उदाहरण दुसरे नाही.

आता एस्टरांकडे वळू. अम्ल आणि अल्कोहॉल यांच्या संयोगातून पाणी बाहेर पडून जे संयुग बनते ते एस्टर. आणि तेल, तूप, चरबी ही सगळी ग्लिसरीनची वसाम्लांशी झालेली एस्टरेच होत. शेव्ह्रलने मेदाचे विच्छेदन केले होते. उलट दिशेने जाऊन मेद घडविण्याचे श्रेय मार्सेलँ बेर्तेलोचे. १८५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात त्याने ग्लिसरीन आणि निरनिराळी वसाम्ले बंद काचनळ्यांत तापवून नैसर्गिक मेदांसारखेच पदार्थ तयार केले, आणि प्राणिशरीरातील द्रव्ये बनविण्यास एखादी गूढ जीवनशक्ती लागते या समजुतीला आणखी एक तडा गेला. परंतु त्याहूनही दूरगामी ठरले ते त्याने पेआँ द सँ-जिल याच्या सहकार्याने १८६२ मध्ये केलेले काम. ॲसिटिक अम्ल आणि मद्यार्क समप्रमाणात घेऊन ठेविले असता विक्रिया कितीही दिवस चालू दिली तरी सुमारे दोनतृतीयांश अम्लाचेच एस्टर होते आणि मग ती थबकते. उलट शुद्ध एस्टर आणि पाणी घेऊन आरंभ केला तरी शेवट त्याच ठिकाणी होतो. जाणे आणि येणे यांचा वेग सारखा झाला की समतोल साधतो, ही कल्पना पुढे सगळ्या रसायनशास्त्राचा आधारस्तंभ बनली. १८९५ मध्ये एमिल फिशर आणि स्पायर यांनी तीव्र खनिज अम्लाच्या अल्प मात्रेने ही विक्रिया झपाट्याने घडविण्याची सोपी रीत घालून दिली. उत्प्रेरकाने समतोल लवकर येतो; त्याचे ठिकाण मात्र हलत नाही. आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यातील ऑक्सिजन अम्लाचा की अल्कोहॉलाचा, या जुन्या वादाचा निकाल १९३८ मध्ये रॉबर्ट्स आणि यूरी यांनी जड ऑक्सिजनची खूण लावून केला: तो अम्लाचा असतो.

समतोल पुढे ढकलावयाचा असेल तर पाणी काढून घेतले पाहिजे, आणि येथे ब्युटिल अल्कोहॉल आपले सीमेवरील स्थान मोठ्या उपकारकतेने दाखविते. समजा स्टिअरिक अम्लाचे ब्युटिल एस्टर करावयाचे आहे. चंबूत अम्ल, गरजेहून थोडे अधिक ब्युटिल अल्कोहॉल आणि गंधकाम्लाचे थोडे थेंब घालून तापवू लागले की अल्कोहॉल आणि पाणी यांचे ठराविक प्रमाणातले मिश्रण ९३ अंशांच्या आसपास, म्हणजे दोहोंपैकी कोणाच्याही उकळबिंदूच्या आधी, वाफ होऊन वर चढते. ती वाफ शीतकात थंड होऊन बाजूच्या खुणा केलेल्या नळीत उतरली की तिचे आपोआप दोन थर होतात: खाली पाणी, वर अल्कोहॉल. वरचा थर नळीच्या तोंडाशी पोचला की ओघळून पुन्हा चंबूत परततो, आणि पाणी खाली साचत राहते. नळीवरच्या खुणा वाचून विक्रिया किती पुढे गेली हे कळते, आणि पाण्याची पातळी चढेनाशी झाली की काम संपले असे समजावे. मद्यार्क वापरून हे साधत नाही, कारण मद्यार्क आणि पाणी यांचे थर पडतच नाहीत. असे मिळालेले ब्युटिल स्टिअरेट हे जवळजवळ निर्गंध, तेलकट द्रव्य प्लॅस्टिकला नरमपणा आणण्यास आणि घर्षण कमी करण्यास कामी येते.

अम्ल आणि एस्टर यांच्या वासातील अंतर हा तर आश्चर्याचा विषय आहे. मोकळे ब्युटिरिक अम्ल म्हणजे खवटलेल्या लोण्याची दुर्गंधी, ओकारी आणणारी. आणि त्याच अम्लाचे एथिल एस्टर अननसाच्या वासाचे, मेथिल एस्टर सफरचंदाच्या वळणाचे. मिठाई आणि सरबते यांना वास देणारे अर्क या एस्टरांवर एकोणिसाव्या शतकापासून चालत आले आहेत. फळ पिकताना वसाम्लांचेच तुकडे होऊन ही द्रव्ये तयार होतात. आणि हापूस आंब्यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झालेल्या संशोधनात पिकत्या फळात वाढणारी जी लॅक्टोने आढळली, तीही एकाच रेणूतील अम्ल आणि अल्कोहॉल या टोकांचा परस्परांशी संयोग होऊन बनलेली अंतर्गत एस्टरेच होत.

या सर्व शास्त्राचा आपल्याकडील सर्वांत जिव्हाळ्याचा उपयोग मात्र तुपाच्या परीक्षेत आहे, आणि तेथे थोडे सविस्तर थांबणे प्राप्त आहे. गायी-म्हशींच्या कोठ्यात चाऱ्याचे किण्वन होऊन ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही अम्ले विपुल प्रमाणात बनतात, आणि रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कासेत या कच्च्या मालापासून जो मेद घडतो त्यात वजनाने सुमारे साडेतीन टक्के ब्युटिरिक अम्ल असते. हा आकडा लहान वाटतो. परंतु ब्युटिरिक अम्लाचा रेणू हलका असल्याने रेणूंच्या संख्येत मोजले तर त्याचा वाटा दहा टक्क्यांच्या घरात जातो, आणि ते ग्लिसरीनच्या तीन जागांपैकी ठराविक एका टोकाच्याच जागी बसत असल्याने लोण्यातील मेदाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतक्या रेणूंत ब्युटिरिक अम्लाचा एक घटक सापडतो. तिळाच्या, शेंगदाण्याच्या, सरकीच्या तेलात किंवा जनावरांच्या चरबीत ते नसते. तेव्हा तुपाची ओळख पटविणारा साक्षीदार म्हणून या अम्लाची नेमणूक व्हावी हे ओघानेच आले. जर्मन रसायनज्ञ रायशर्ट याने १८७९ मध्ये सुचविलेली आणि माइसल याने सुधारलेली कसोटी ती हीच.

तपासनीस पाच ग्रॅम तूप चंबूत तोलून घेतो, ग्लिसरीन आणि दाहक सोड्याच्या द्रावणाबरोबर ते तापवितो, आणि फेस शमून द्रव पारदर्शक झाला की तुपाचा साबण झाला असे मानतो. त्यात उकळून घेतलेले पाणी, मग विरल गंधकाम्ल आणि उसळी बसू नये म्हणून प्यूमिस दगडाचे कण टाकले की सगळी वसाम्ले मोकळी होऊन वर येतात. आता आच अशा बेताने ठेवावयाची की ११० घन सेंटिमीटर द्रव एकोणीस ते एकवीस मिनिटांत ऊर्ध्वपातित व्हावा. त्याहून लवकर नाही, उशिरा नाही, कारण उपकरणाची मापे आणि ही वेळ बदलली की अंकही बदलतो. ब्युटिरिक अम्लाचा उकळबिंदू १६३ अंशांवर असूनही ते पाण्याच्या वाफेबरोबर सहज निघून येते. गोळा झालेला द्रव १५ अंशांपर्यंत थंड करून गाळला की पाण्यात न विरघळणारी कॅप्रिलिकसारखी अम्ले गाळणकागदावर आणि शीतकाच्या नळीत मागे राहतात; गाळून आलेल्या १०० घन सेंटिमीटरांत फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकून दशांश प्रमाणित सोडा हळूहळू सोडला असता ज्या क्षणी फिकट गुलाबी छटा टिकून राहते, त्या क्षणीचा आकडा योग्य दुरुस्तीने ११० घन सेंटिमीटरांवर आणला की तो रायशर्ट-माइसल अंक. ढोबळ हिशेबाने, पाच ग्रॅम तुपात साडेतीन टक्क्यांच्या दराने जे पावणेदोनशे मिलिग्रॅम ब्युटिरिक अम्ल असते त्यास सुमारे वीस घन सेंटिमीटर सोडा लागतो. वरच्या भागाचा धनी बव्हंशी कॅप्रॉइक अम्ल. चांगल्या तुपाचा अंक चोवीस-अठ्ठावीसच्या आसपास येतो, खोबरेल तेलाचा सहा-आठ, आणि इतर वनस्पतिज तेलांचा एखादा किंवा त्याहूनही कमी. मागे राहिलेली अविद्राव्य अम्ले मद्यार्कात विरघळवून मोजली की पोलेन्स्के अंक मिळतो, आणि खोबरेलाची भेसळ त्यात उघडी पडते, कारण त्याचा हा अंक तुपाच्या कितीतरी पट असतो.

या कसोटीला कायद्याचे पाठबळ मिळणे अगत्याचे झाले ते वनस्पती तुपाच्या आगमनाने. तेलात निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन सोडून ते गोठविण्याची नॉर्मान याची रीत विसाव्या शतकाच्या आरंभीची. मुंबईत शिवडीला कारखाना निघून १९३७ मध्ये डालडा बाजारात आले आणि रूपाने तुपासारखा, किमतीने स्वस्त असा पदार्थ भेसळखोरांच्या हाती आयताच पडला. वनस्पतीत पाच टक्के तिळाचे तेल असलेच पाहिजे अशी सक्ती सरकारने केली ती याच कारणास्तव; तिळाच्या तेलाचा अंश असलेला मेद तीव्र हायड्रोक्लोरिक अम्ल आणि फरफ्युरॉल यांबरोबर हलविला की खालचा अम्लाचा थर किरमिजी होतो, आणि ही बोदुइन परीक्षा कोणताही साधा तपासनीस दहा मिनिटांत करू शकतो. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालील नियमांनी तुपाच्या रायशर्ट-माइसल अंकाची किमान मर्यादा प्रांतवार मुक्रर केली. यात एक अडचण मात्र अशी की जेथे गुरांना सरकी भरपूर चारली जाते तेथे सरकीतील लांब साखळीची वसाम्ले दुधाच्या मेदात उतरून हा अंक अस्सल तुपातही खाली येतो. म्हणून कापूसपट्ट्यासाठी निराळी, कमी मर्यादा ठेवण्यात आली. ही सवलत न्याय्यच होती, अन्यथा वऱ्हाडातील प्रामाणिक गवळी विनाकारण आरोपी ठरता. परंतु तीच सवलत कापूसपट्ट्याबाहेरच्या उत्तम तुपात भेसळ करून ते कापूसपट्ट्याच्या नावाने खपविणाऱ्यालाही आडोसा देते. एकाच अंकावर निवाडा सोपविण्यातला हा दोष मूलभूत आहे, आणि तो अंकाच्या सूक्ष्मतेने दूर होणारा नाही.

त्यावर उपाय वायुवर्णलेखनाने, म्हणजे मिश्रणाची वाफ वायूच्या प्रवाहाबरोबर नळीतून सोडून घटक वेगळे करण्याच्या तंत्राने, दिला. १९५२ मध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी लंडनमध्ये या तंत्राचा पहिला प्रयोग जाहीर केला तेव्हा त्यांनी निवडलेले पदार्थ वसाम्लेच होती, फॉर्मिकपासून बारा कार्बनांच्या अम्लापर्यंत. आणि नळीतून एकामागून एक बाहेर येणारे अम्ल ते सोड्याच्या अनुमापनानेच मोजीत, ही गोष्ट रायशर्टची परंपरा जाणणाऱ्यास विशेष भावेल. पुढे वसाम्लांची मेथिल एस्टरे करून ती नळीत सोडण्याचा प्रघात पडला. परंतु दुधाच्या मेदाला तो नीट लागू पडेना. ब्युटिरिक अम्लाचे मेथिल एस्टर १०२ अंशांसच उकळते आणि पाण्यात दीड टक्क्याइतके विरघळते, त्यामुळे नमुना धुताना आणि आटविताना त्याचा काही भाग हातचा निसटतो, आणि ज्या घटकासाठी परीक्षा करावयाची तोच मोजणीत उणा भरतो. मेथिल अल्कोहॉलाच्या जागी ब्युटिल अल्कोहॉल घेताच ही नड दूर झाली: ब्युटिल ब्युटिरेटाचा उकळबिंदू १६५ अंश, पाण्यात ते अगदी अल्प विरघळणारे, आणि स्टिअरिकसारख्या जड अम्लांची ब्युटिल एस्टरेही नळीतून सुखरूप पार होणारी. लोण्यातील चार कार्बनांच्या अम्लाचा हिशेब चार कार्बनांच्या अल्कोहॉलाने चोख लावून दिला. आणि आज मेदाचे अखंड रेणूच कार्बनसंख्येनुसार वेगळे करून मोजता येत असल्याने, बाजारात शुद्ध रसायन म्हणून मिळणारे ट्रायब्युटिरिन परक्या मेदात मिसळून रायशर्ट-माइसल अंक फुगविण्याची युक्तीही टिकत नाही. कारण तुपातील ब्युटिरिक अम्ल दोन लांब साखळ्यांच्या सोबतीने एकेकटे बसलेले असते, तर ट्रायब्युटिरिनमध्ये तीनही जागी तेच असते, आणि असा रेणू तुपाच्या आलेखात फार दूर, एकाकी उमटतो.

ब्युटिल अल्कोहॉलाच्या उत्पादनाची कथा मात्र प्रयोगशाळेपेक्षा रणभूमीशी अधिक निगडित आहे. १८६१ मध्ये पाश्चरने ब्युटिरिक किण्वन घडविणारे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना, थेंबाच्या कडेचे, हवेशी संपर्क आलेले जंतू निश्चल पडलेले आणि मध्यभागचे मात्र वळवळत असलेले टिपले होते. ऑक्सिजनाविना जगणाऱ्या जीवांचा शोध तो हाच. अशाच जातीच्या एका जंतूकडून, क्लॉस्ट्रिडियम ॲसिटोब्युटिलिकमकडून, मँचेस्टरमधील खाइम वाइझमान यांनी पिष्टमय धान्यांचे किण्वन करवून ॲसिटोन आणि ब्युटिल अल्कोहॉल मिळविण्याची पद्धत बसविली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराला कॉर्डाइट या स्फोटकासाठी ॲसिटोनची निकड होती, म्हणून मद्याच्या भट्ट्यांचे या कामी रूपांतर झाले. पण जंतू सहा भाग ब्युटिल अल्कोहॉल, तीन भाग ॲसिटोन आणि एक भाग मद्यार्क या प्रमाणात माल देतो, आणि त्या सहा भागांना त्या वेळी गिऱ्हाईक नव्हते. युद्ध संपल्यावर पारडे फिरले. मोटारींचे कारखाने दिवसाला शेकडो गाड्या जोडीत असताना जुने व्हार्निश वाळायला आठवडे लागत. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत नायट्रोसेल्युलोजचे जे जलद वाळणारे लेप आले त्यांना ब्युटिल ॲसिटेट हा विद्रावक नेमका मानवला. तत्पूर्वीचे एथिल ॲसिटेट ७७ अंशांस उकळणारे, म्हणून इतक्या झपाट्याने उडून जाई की पृष्ठभाग थंड पडून हवेतील ओलावा त्यावर जमे आणि लेपावर पांढरट झाक येई. १२६ अंशांस उकळणारे ब्युटिल ॲसिटेट सावकाश उडते, लेप सपाट बसू देते आणि मग निघून जाते. रंगाऱ्याच्या थिनरच्या डब्याचा आणि नखांच्या रंगाच्या बाटलीचा केळ्यासारखा फळगंध आजही बव्हंशी त्याचाच किंवा त्याच्या भावंडांचा असतो. हेच ब्युटिल ॲसिटेट पेनिसिलिनच्या कामीही आले: किण्वनाचा गाळलेला द्रव थंड ठेवून अम्लधर्मी केला की औषध पाण्यातून या एस्टरात जाते, आणि क्षारधर्मी पाण्याने पुन्हा परत घेता येते. ज्या पेनिसिलिनचे भारतातील उत्पादन १९५५ मध्ये पिंपरीस सुरू झाले त्याच्या शुद्धीकरणाची जगभरची रूढ वाट ही अशी पाणी आणि तेल यांच्या मधून जाते.

पुढे किण्वन मागे पडले. जर्मनीच्या ओटो रोलेन याने १९३८ मध्ये शोधलेल्या विक्रियेने प्रोपिलीन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांपासून ब्युटिराल्डिहाइड व त्यापासून अल्कोहॉल स्वस्तात मिळू लागले, आणि खनिज तेलाच्या जमान्यात जंतूंना रजा मिळाली. आयसोब्युटिलीनमध्ये दोनएक टक्के आयसोप्रीन मिसळून उणे शंभराच्या आसपासच्या थंडीत घडविलेले ब्युटिल रबर १९३७ चे. हवा धरून ठेवण्याच्या गुणामुळे ते टायरच्या आतल्या ट्यूबमध्ये स्थिरावले. त्रितीयक ब्युटिल गटाचे आणखी एक काम स्वयंपाकघराशी निगडित आहे: फिनॉलाच्या शेजारी हा अवजड गट बसविला की त्यापासून होणारी द्रव्ये तेलातुपातील ऑक्सिडीकरणाची साखळी मध्येच तोडतात, आणि वजनाच्या ०·०२ टक्क्यांपर्यंत ती वापरण्यास अन्ननियमांनी मुभा दिली आहे. वसाम्लांना खवटपणापासून राखणारे रक्षकही असे याच कुळातले. परंतु याच कुळातील ट्रायब्युटिल टिनने केलेला अनर्थ दुर्लक्षून चालणार नाही. जहाजांच्या बुडाला शिंपले-कालवे चिकटू नयेत म्हणून त्याचा रंग लावीत. धातूला जोडलेल्या तीन ब्युटिल साखळ्यांमुळे हे विष जीवांच्या मेदात सहज शिरते, आणि समुद्राच्या पाण्यातील त्याच्या अत्यल्प मात्रेनेही मादी गोगलगायींना नराची इंद्रिये फुटू लागली व फ्रान्समध्ये आर्काशोंच्या उपसागरातील कालवांची शेती डबघाईस आली. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर त्यास बंदी घातली, आणि पुढे २००१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने, जो २००८ मध्ये अमलात आला, सर्वच जहाजांवर त्यास बंदी झाली. इतक्या उघड पुराव्यानंतरही जगाला या निर्णयास पाव शतक लागावे ही खेदाची गोष्ट होय.

राहता राहिला इंधनाचा प्रश्न. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डीझेलचे एक एंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. परंतु तेल दाट असल्याने एंजिनात काजळी धरते, आणि ग्लिसरीन काढून टाकून त्याच्या जागी लहान अल्कोहॉल बसविणे हा त्यावरचा तोडगा ब्रुसेल्सच्या शाव्हान याने १९३७ च्या एकस्वात नोंदविला. भारतात मोगली एरंडाच्या बियांवर मोठ्या आशा ठेवून २००९ च्या जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट जाहीर झाले. ते पुरे झाले नाही, कारण पडीक जमिनीत पाण्यावाचून हे झाड भरघोस बी देईल ही अपेक्षाच अवास्तव होती. रसायनाच्या दृष्टीने मात्र एक विचार अद्याप बाकी आहे. आज या कामी मेथिल अल्कोहॉल वापरतात ते स्वस्त म्हणून. परंतु मेथिल स्टिअरेट ३९ अंशांस वितळते, म्हणजे थंडीच्या दिवसांत संपृक्त वसाम्लांची मेथिल एस्टरे नळीत गोठून बसण्याचा धोका असतो. ब्युटिल एस्टरांचे वितळबिंदू बरेच खालचे, आणि अल्कोहॉलाचा भागही किण्वनाने, म्हणजे शेतमालापासून, मिळविण्याजोगा. अडचण अशी की वाइझमानचा जंतू आपल्याच ब्युटिल अल्कोहॉलाने दीड-दोन टक्क्यांवर हतबल होतो, त्यामुळे एक भाग माल मिळविण्यास पन्नास-साठ भाग पाणी ऊर्ध्वपातनाच्या भट्टीवर चढवावे लागते, आणि त्या वाफेच्या खर्चात सगळा नफा बुडतो. अधिक सोशिक जंतू घडविणे, किंवा माल तयार होत असतानाच तो एखाद्या तेलकट द्रवात ओढून घेऊन जंतूंपासून दूर करणे, अशा दोन वाटांनी संशोधन चालू आहे. दुसऱ्या वाटेत ओढून घेणारा द्रव म्हणून वसाम्लांच्या एस्टरांचाच प्रयोग होतो, आणि त्यात मुरलेले ब्युटिल अल्कोहॉल वेगळे न काढता दोन्ही मिळून इंधन म्हणून जाळता येतील का, हे पाहिले जात आहे. महाराष्ट्रात उसाच्या मळीचा मद्यार्क करणारे आसवनी कारखाने आणि तेलाच्या घाण्या या दोन्ही धंद्यांची वहिवाट जुनी आहे. त्या दोहोंची सांगड घालून हा हिशेब येथील बाजारभावांनी एकदा मांडून पाहणे अवश्य आहे.